कावळ्याला दिलेला शब्द

मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. दुपारच्या एसटीने दौंडहून तिची थोरली बहीण आली.

बायकोच्या थोरल्या बहिणीला मराठीत आकडसासू म्हणतात. हा शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारला त्याला नक्कीच एक असणार, आणि ती माझ्या आकडसासूच्याच वळणाची असणार. गोष्टीचा शेवट गोड झालाच पाहिजे, आणि तो करून घेणं हे वाचणाऱ्याचं काम आहे, असं मानणारा त्यांच्यासारखा माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा सापडणार नाही. सगळे त्यांना आक्का म्हणतात. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. ते गेल्याला बरीच वर्षं झाली, पण घर अजून रुळांच्या कडेलाच आहे, आणि दौंड स्टेशनवरच्या पुस्तकाच्या स्टॉलवर आक्कांचा दरारा आहे. आक्का पुस्तक हातात घेतात ते मागून. शेवटचं पान उभ्याउभ्या वाचतात. त्या पानावर दोन माणसं एकत्र असली तर पुस्तक पिशवीत जातं, एकटंच माणूस खिडकीबाहेर बघत असलं तर किडकं वांगं ठेवावं तसं ते परत जागेवर ठेवलं जातं. एकदा मी सोबत होतो. त्यांनी स्टॉलवाल्याला विचारलं, "ह्यात कुणी मरतं का?" तो म्हणाला, "मावशी, मी वाचलेलं न्हाई." आक्का म्हणाल्या, "मंग मोसंबी तरी इका. ती पिळून बघता येत्यात."

त्यांच्या आवडीची पुस्तकं एका विशिष्ट जातीची. जुनी, नावाजलेली कादंबरी घ्यायची, तिचा सांगाडा ठेवायचा आणि त्यावर आजची माणसं बसवायची. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज गावातला घमेंडी पवनचक्कीवाला नव्या पुस्तकात पुण्याचा सोलर पॅनेलवाला होतो, पाद्र्याची तोंडाळ मुलगी बेकरी काढते, आणि जिथे मुळात घोडा लंगडा झाल्यामुळे निरोप उशिरा पोचतो तिथे आता फोनची बॅटरी संपते. कव्हर गुलाबी. कव्हरवर कप, कपातून वाफ, वाफेचा बदाम. अशी पुस्तकं आक्का आधी वाचत आणि मग भाकरीच्या फडक्यात बांधून, कारळ्याच्या चटणीच्या डब्यासोबत, एसटीच्या कंडक्टरच्या हाती शिरूरला धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे पाठवत. ती वाचून त्याच फडक्यात परत पाठवी. या दोघींचं सगळं प्रेमवाङ्मय कारळ्याच्या वासाचं होतं.

मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवत होतो. माझ्या तासाला वर्ग अतिशय शांत असे; झोपलेली माणसं शांतच असतात. ज्या मूळ कादंबऱ्यांवर मी वर्षानुवर्षं टिपणं काढली त्यांच्या गुलाबी नाती माझ्याच स्वयंपाकघरात फिरताना पाहून मला घराण्याची अब्रू गेल्यासारखं वाटे. त्यातून बायकोला पानाचा कोपरा दुमडून खूण करायची सवय. मला दुमडलेलं पान बघवत नाही. मी तिला पुठ्ठ्याच्या सुंदर खुणा आणून दिल्या. त्या तिने लोणच्याच्या बरण्यांवर नावं लिहायला वापरल्या.

आक्कांची अभिरुची सुधारावी म्हणून मी एकदा त्यांना एका थोर शोकांतिकेचं मराठी भाषांतर दिलं. आठवड्यात ते परत आलं. सोबत चटणी नव्हती, यावरून मी काय ते समजलो. पुढे भेट झाली तेव्हा मी भीत भीत विचारलं, कसं वाटलं. आक्का म्हणाल्या, "लिहिणाऱ्याच्या घरी कुणी वडीलधारं न्हवतं का?"

"म्हणजे?"

"म्हंजी कुणी तरी म्हणायला पायजे होतं, बाबा, हिला मारू नको. दोन माणसं मध्ये पडली असती तर मिटलं असतं. आमच्या वडगावात ह्याच्यापेक्षा मोठी भांडणं पारावर मिटली."

वडगाव रासाई हे त्यांचं माहेर. मी शोकांतिकेची अपरिहार्यता समजावून सांगू लागलो. आक्कांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली. माझं बोलणं थांबवायची त्यांची हीच रीत आहे आणि माझं वजन वाढण्याचं कारणही हेच आहे.

पण आता दहाव्याचं सांगायला हवं. आमचं मूळ गाव इनामगाव. घोड नदीच्या काठावर आमच्या गावाला फार प्राचीन काळच्या माणसांची घरं आणि सांगाडे सापडले, आणि मला पाहिल्यावर ते खोदकाम अजून चालू असावं असा पाहुण्यांचा समज होतो. तर त्या काठावर दहाव्याला माणसं जमली. महाराजांचं प्रवचन झालं. कारखान्याच्या एका संचालकांनी श्रद्धांजली वाहताना ऊसदराचा प्रश्नही थोडक्यात मांडला. पिंड ठेवला होता. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते आणि एकही खाली येत नव्हता.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात, आणि मग घरचे लोक एकेक करून मोठ्याने शब्द देतात. माझा मुलगा म्हणाला, "आई, बाबांकडे मी बघीन." कावळा हलला नाही; बहुधा त्याने माझ्या मुलाचा बेंगलोरचा पत्ता ऐकला होता. कुणी म्हणालं, देवीला चोळी-बांगडी करू. कुणी म्हणालं, शेताची वाटणी समजुतीने होईल. ऊन चढत चाललं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. कावळा भूक लागली की येतो आणि गर्दी असली की येत नाही, हे मी शेजारच्या मास्तरांना हळू आवाजात सांगत होतो. तेवढ्यात बायकांमधून आक्का पुढे आल्या. पदर खोचला, हात उंच केला आणि बाभळीकडे बघून म्हणाल्या, "अगं, तुझं ते पुस्तक अपुरं राहिलंय. पाव्हणं मला ते शेवटापत्तूर वाचून दाखवत्याल. सगळं. गाळणार न्हाईत."

कावळा खाली आला.

सगळा घाट माझ्याकडे वळला. सरपंच म्हणाले, "सर, शब्द दिलाय बरं का." मी म्हणालो, मी दिलेला नाही. ते म्हणाले, "कावळ्यानं घेतलाय. आता कुणी दिला ते इचारू नका."

मला वाचून दाखवावं लागणार होतं त्याला कारण होतं. आक्कांचा एक डोळा काचबिंदूने पूर्वीच गेला होता आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. अक्षर आता दिसत नव्हतं, आणि हे एक पुस्तक त्यांनी न वाचताच बहिणीकडे पाठवलं होतं. तेव्हा दर रविवारी मी सकाळची एसटी धरून शिरूरहून दौंडला जाऊ लागलो, पिशवीत ते सोलरवाल्याचं गुलाबी पुस्तक, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. बायको जिथे थांबली होती तिथे पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी तिथून सुरू करणार होतो. आक्का म्हणाल्या, "मधूनच? माणसं भेटल्याबिगर त्यांचं भांडण ऐकू व्हय मी?" म्हणून पहिल्यापासून.

आक्कांना वाचून दाखवणं ही सोपी गोष्ट नाही. पहिल्याच रविवारी त्या म्हणाल्या, "पाव्हणं, तुम्ही प्रेमाचं बोलणं ग्रामपंचायतीच्या ठरावावानी वाचताय. जरा सूचक-अनुमोदक सोडून वाचा." मग त्या प्रत्येक पात्राला दौंडात घर देत. सोलरवाला त्यांच्या मते डोळ्यांच्या डॉक्टरांसारखा दिसतो, कारण ते डॉक्टर तरुण आहेत, तुटक बोलतात आणि पेशंटच्या डोक्यावरून भिंतीकडे बघतात. "ह्यो अजून पहिल्या प्रकरणात हाय," आक्का त्यांच्याबद्दल सांगत. "ह्याला कुणी भेटली की तोंडाकडं बघून बोलायला लागंल." हे त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं होतं. आणि नायिकेच्या आगाऊ मैत्रिणीचं काम करायला आक्कांना बाहेर कुठे शोधावं लागलं नाही.

दौंडची माणसं गाडी आली की बोलणं थांबवतात आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे बोलतात. मला हे फार सोयीचं वाटलं. नायक-नायिका एकमेकांच्या जवळ येऊ लागले की मी सावकाश वाचू लागे, चष्मा पुसे, पाणी पिई, आणि मालगाडी आली की तो सगळा मजकूर तिच्या आवाजात उरकून टाकी. मालगाडी लांब असते. शेवटचा डबा गेला की मी नव्या परिच्छेदावर असे. दोन रविवार हे चाललं. तिसऱ्यांदा आक्का हात वर करून म्हणाल्या, "गेली मालगाडी. आता परत वाचा." त्या वयात, ओट्यावर बसून, रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी एका बेकरीतलं चुंबन वाचलं. समोरून चाललेला भाजीवाला थांबला आणि प्रकरण संपेपर्यंत थांबून राहिला.

आणि मला ते आवडू लागलं. मूळ कादंबरी मी इतकी शिकवली होती की तिच्यातलं काय केव्हा होतं हे झोपेत सांगितलं असतं. मग नव्यातलं पुढचं प्रकरण काय आहे हे बघायला शनिवारी माझा हात पिशवीकडे का जात होता? मी आक्कांना म्हणालो, शेवट माहीत असलेली गोष्ट माणूस कशाला वाचतो, हे मला कळत नाही. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "म्हाईत हाय म्हणूनच वाचायचं. म्हाईत नसलेल्या गोष्टी काय कमी हायेत घरात?"

मी त्यावर एसटीत खूप विचार केला. जुन्या गोष्टीत त्या दोघांचं सगळं होऊन गेलेलं असतं. भेट, भांडण, लग्न, म्हातारपण, सगळं. ती माणसं कधीच मातीत गेली. आणि हे नवं पुस्तक उघडलं की ती दोघं पुन्हा एकमेकांना अनोळखी असतात. तो पुन्हा तेच वेडंवाकडं बोलतो. ती पुन्हा रागावते. त्यांना ठाऊकच नसतं की हे एकदा झालेलं आहे. माझ्या टिपणांत हे कुठेही नव्हतं.

वाचता वाचता दुमडलेलं पान आलं. मी ते शेवटपर्यंत वाचलं आणि पान उलटायला बोट लावलं. पुढचं पान माझ्या बायकोने पाहिलेलं नव्हतं.

मी पान उलटलं नाही. आक्का कान देऊन बसल्या होत्या. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी नायकाला भूक लागल्याचं सांगितलं. त्याने थालीपीठ मागवलं. त्यात दहा मिनिटं गेली. पुढच्या रविवारी मी त्या दोघांना कवठे येमाईच्या यात्रेला नेलं, सोलर पॅनेल विकायच्या निमित्ताने. त्याच्या पुढच्या रविवारी नायिकेच्या आत्याचं गुडघ्याचं दुखणं काढलं आणि ते पुरवून पुरवून वापरलं. ज्या माणसाने जन्मभर असल्या लेखकांना नावं ठेवली तो आता दर शनिवारी संध्याकाळी आत्याच्या गुडघ्याचं पुढे काय करावं या चिंतेत होता. माझी निर्मिती सुमार होती हे मीच सांगतो. नायक मध्येच 'वस्तुतः' म्हणू लागला. आक्का एकदाच म्हणाल्या, "ह्यो आजकाल लई अवघड बोलतोय." मी म्हणालो, प्रेमात माणूस बदलतो.

मग एका गुरुवारी आक्कांच्या मुलाचा फोन आला. तो दौंडलाच रेल्वेत आहे, त्यांच्यासोबतच राहतो.

"काका, तुमचं पुस्तक कवा संपायचंय?"

मी विचारलं, का रे.

"आईचा डोळा पिकलाय. डॉक्टर म्हणत्यात आता थांबलं तर आतून दाब वाढंल आन् ह्योबी डोळा जाईल. दोनदा तारीख घेतली, दोनदा हिनं मोडली. म्हणती, अर्धा शब्द ठिवून मी टेबलावर झोपणार न्हाई. तिकडं काय झालं तर बहिणीला काय सांगू. काका, उरलंय तरी किती?"

पुस्तकात फारसं उरलं नव्हतं. जे उरलं होतं ते मी उरवलं होतं. मी त्याला म्हणालो, या रविवारी संपेल. सोमवारची तारीख घे.

त्या रविवारी एसटीत मला बसायला खिडकी मिळाली, आणि मी सगळा वेळ बाहेर बघत होतो. आक्कांनी जे पुस्तक परत ठेवलं असतं त्याच्या शेवटच्या पानावरच्या माणसासारखा. दौंडला पोचल्यावर ओट्यावर बसलो. पुस्तक दुमडलेल्या पानावर उघडलं. सरळ पुढचं पान वाचायचं असं मी ठरवून आलो होतो, पण माझ्या तोंडून आणखी एक प्रसंग सुरू झाला.

मी सांगितलं की सोलरवाल्याचं आणि बेकरीवालीचं लग्न ठरलं आणि दोन्हीकडची मंडळी बस्ता फाडायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, टेम्पोने नगरला निघाली. शिरूरच्या पुढे घोड नदीच्या पुलाअलीकडे टेम्पो बंद पडला. दुसरी गाडी पुलापलीकडे मिळणार होती, म्हणून सगळे चालत निघाले. मोठी माणसं पुढे, ही दोघं मागे. एप्रिलचं ऊन. नायक तिला साहित्यातल्या शोकरसाबद्दल माहिती देत होता. अर्ध्या पुलावर त्याच्या लक्षात आलं की तिच्या चपलेचा अंगठा तुटलाय, चप्पल तिच्या हातात आहे आणि ती मघापासून तापल्या डांबरावरून अनवाणी चालतेय. तेव्हा त्याने खाली बसून आपले बूट काढले. ते तिला द्यायचे होते. पण बूट काढल्यावर त्याला दिसलं की मोज्याला भोक आहे आणि त्यातून अंगठा पूर्ण बाहेर आलाय. त्याने घाईघाईने मोजे काढून खिशात कोंबले. तेवढ्यात ती म्हणाली, 'अहो, तुम्ही कशाला अनवाणी चालताय माझ्यासाठी?' आणि बूट द्यायचे होते हे सांगायचं धाडस त्याला झालं नाही. तोही बूट हातात घेऊन चालू लागला. पलीकडे पोचेपर्यंत दोघांचे पाय भाजले. पुढे जन्मभर ती येईल त्याला सांगत राहिली, 'हे माझ्यासाठी घोड नदीच्या पुलावरून अनवाणी चालले होते,' आणि तो मान खाली घालून ते ऐकत राहिला. मोज्याचं त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

मी थांबलो.  आक्कांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या, आणि हसता हसता पदराने डोळा टिपत होत्या.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "कितीक रविवार झालं, पान उलटल्याचा आवाज न्हाई आला. मला दिसत न्हाई, ऐकाया येतंय."

मी म्हणालो, "आक्का, तुम्ही बोलला का नाही?"

"तुम्ही वाचत बसला व्हता. कशाला उठवायचं." मग म्हणाल्या, "ह्या पुस्तकांत एक प्रकरण तिच्या बाजूनं असतं आन् एक त्याच्या बाजूनं. पुलाचं तिच्या बाजूचं मला तवाच कळलं व्हतं. तुमच्या बाजूचं आज आलं."

"तिच्या बाजूचं काय होतं?"

"मी पुढं चालत व्हते. पल्याड गेल्यावर ती माझ्यापाशी आली, पाय भाजलेलं, आन् हसायची थांबंना. म्हणली, आक्का, त्यांच्या मोज्याला ह्येवढं भोक हाय आन् त्यांनी ते माझ्यापासून लपावलं. म्हणली, मला भ्या वाटत व्हतं, लई शिकलेला माणूस, कसं व्हायचं. आता न्हाई वाटत."

मी नकळत पाय मागे घेतले.

"तिनं कवा कुणाला मोज्याचं सांगितलं न्हाई," आक्का म्हणाल्या. "मलाबी शपथ घातली व्हती. ती आता सुटली. वाचा."

मी पान उलटलं. आवाज झाला. पुढचं सगळं पुस्तकात होतं तसं वाचलं, एक ओळ न गाळता. शेवट जो सगळ्यांना ठाऊक होता तोच होता. अगदी शेवटच्या पानावर मालगाडी आली. मी पानावर बोट ठेवून ती पूर्ण जाईपर्यंत थांबलो, आणि मग वाचलं. आक्कांनी भाकरीचा तुकडा कठड्यावर ठेवला. आम्ही बराच वेळ बघत बसलो. कावळा आला नाही. "आता त्याचं काय काम," आक्का म्हणाल्या आणि तुकडा आत घेऊन गेल्या.

सोमवारी ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर आक्कांना पहिल्यांदा डॉक्टर नीट दिसले. "तुम्ही मला वाटलं त्यापेक्षा बरं दिसता," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टर म्हणे त्यांच्या तोंडाकडे बघून हसले. डोळा चांगला आहे. त्या आता स्वतः वाचतात, शेवटचं पान आधी. ते पुस्तक शिरूरला माझ्या टेबलावर आहे. पानाची घडी मी मोडलेली नाही. रविवारची एसटी अजून धरतो.